बिल नको, पण पंचनामा हवा

(दृश्य: मृगाचा पाऊस पडून गेलेला. काळ्या वावरात बाया कपाशीची टोबणी करताहेत.)

जून लागला की यवतमाळ, अकोला, अमरावतीच्या गावांत कपाशीचं बियाणं दोन वाटांनी येतं. एक कृषी केंद्रातून : ४७५ ग्रॅमची थैली, २०२५ च्या हंगामात कमाल किंमत ९०१ रुपये, वर लॉट नंबर, उगवणशक्ती, मुदत. दुसरं येतं ओळखीच्या माणसाकडून, रोखीनं, बिलाशिवाय. त्याला चोरबीटी म्हणतात. तणनाशक मारलं तरी ही पऱ्हाटी जळत नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी झेपत नाही, म्हणून कास्तकार ते घेतो. या बियाण्याला भारतात लागवडीची परवानगी नाही. पण गावात बंदीच त्याची जाहिरात होते : सरकार नाही म्हणते, म्हणजे त्यात आपला फायदा असणार.

(दृश्य: पारावर बसलेली माणसं.)

या अविश्वासाला कारणं आहेत. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. पांढरं सोनं सरकारलाच विकायचं आणि चुकाऱ्यासाठी ताटकळायचं. बाहेर भाव चढला की कापूस रातोरात सीमेपार जायचा. बाहेर भाव पडला की परराज्यातला कापूस इकडच्या केंद्रांवर यायचा. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच होती. कोरडवाहू सात-आठ एकरांचा कास्तकार, ज्याला पाच एकर बागायतीइतकंही पिकत नाही, तो पूर्ण माफीतून वगळला गेला. हे लोक विसरलेले नाहीत, आणि विसरावं असं आम्हीही म्हणणार नाही.

(दृश्य: तासात जागोजागी खाडे. रिकामं पाकीट बांधावर.)

पण बी उगवलं नाही की हाच कास्तकार तालुक्याला कृषी कार्यालयात जातो. पंचनामा करा, भरपाई द्या. तिथं पहिला प्रश्न बिलाचा येतो. मग थैली, तिचं लेबल, लॉट नंबर, उरलेलं मूठभर बी. चोरबीटीवाल्याकडे यातलं काहीच नसतं. सरकारचा भरोसा नाही म्हणून ज्यानं विनाकागद माल घेतला, त्याला भांडायला लागणारा पुरावाही राहत नाही. भरोसा नसलेल्यानं तर कागद अधिक जपायला हवा.

पीकपेऱ्याचंही तसंच. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली. वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो घ्यायचा, की साताबाऱ्यावर पेरा चढतो. ‘आपली माहिती सरकारला कशाला’ म्हणून कितीतरी जण ती टाळतात. नोव्हेंबरात व्यापारी भाव पाडतो, मग सगळ्यांची बंडी सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्राकडे वळते. तिथं ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर कापूस परत. आणि साताबाऱ्यावर कपाशी नसेल, तर ओलावा मोजायची पाळीच येत नाही.

(दृश्य: ओलं गोणपाट, त्यावर सरकीचे दाणे.)

कपाशीच्या संकरित बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के हवी, हा सरकारी निकष. तो सरकारच्याच तोंडून ऐकायची गरज नाही. पेरणीच्या आठवडाभर आधी थैलीतले शंभर दाणे घ्या. बियाण्याला औषध चोळलेलं असतं, हातात मोजे घाला. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी मोजा. पंचाहत्तरच्या खाली कोंब निघाले, तर थैली आणि बिल घेऊन दुकानात जा; टोबणी व्हायची आहे, तोवरच.