बटणापासून हात लांब

[दृश्य : पहाटेचा काळोख. समुद्राकाठच्या खडकावर ट्रायपॉड. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचा निळसर उजेड.]

उजाडायला अजून अर्धा तास आहे. ट्रायपॉडचे पाय खडकात घट्ट रोवलेत, सगळे स्क्रू आवळलेत, फोकस लावून झालाय. शटर स्पीड, म्हणजे उजेड आत घेणारा पडदा उघडा राहण्याचा वेळ, अर्धा सेकंद. आता फक्त बटण दाबायचं.

आणि नेमका तिथंच घोळ होतो. म्हणून आज बोलायचंय ते बटणाला हात न लावता शटर उघडणाऱ्या रिमोटबद्दल.

[दृश्य : अगदी जवळून. बोट शटरच्या बटणावर येतं, दाबतं, उचलतं.]

बोटाकडे नीट बघा. बटण खाली जातं ते जेमतेम मिलिमीटरभर. पण त्याच्याबरोबर बोट अख्खा कॅमेरा खाली दाबतं. लेन्स लांब आणि जड असेल तर तिचं तोंड किंचित हलतं. बोट उचललं की कॅमेरा पुन्हा वर येतो आणि क्षणभर थरथरत राहतो. डोळ्याला यातलं काहीच दिसत नाही. कॅमेऱ्यात फोटो टिपणाऱ्या सेन्सरला सगळं दिसतं, कारण शटर त्याच अर्ध्या सेकंदात उघडं असतं.

हा फोटो मोठ्या पडद्यावर उघडला की खडकाच्या कडेला आणखी एक फिकट कड दिसते. पाहणारा म्हणतो, फोकस चुकला. पण फोकस चुकला असता तर चौकटीत पुढं-मागं कुठंतरी काहीतरी बहुधा धारदार आलं असतं. इथं जवळचा दगड आणि लांबचा दिवा, दोन्ही एकाच दिशेला फराटल्यासारखे आलेत. दिव्याच्या ठिपक्याची रेघ झालीय. फोटो हललाय, ट्रायपॉडवर असूनही.

[दृश्य : तोच देखावा, तीन वेगवेगळ्या शटर स्पीडवर. शेजारी शेजारी.]

गंमत अशी, की हा धक्का सगळ्याच फोटोंना सारखा बाधत नाही. एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात शटर उघडून मिटतं, तिथं कॅमेऱ्याला हलायला सवडच मिळत नाही. तीस सेकंदांच्या फोटोत पहिला अर्धा सेकंद थरथरला, तरी उरलेले साडेएकोणतीस सेकंद कॅमेरा गप्प उभा असतो. त्या थरथरीचा वाटा पडतो जेमतेम साठावा. अडचण मधल्या पट्ट्यात आहे. साधारण सेकंदाच्या साठाव्या भागापासून एका सेकंदापर्यंत. आणि पहाटेचा, संध्याकाळचा, झऱ्याचा, लाटेचा फोटो नेमका याच पट्ट्यात काढावा लागतो.

फोटोग्राफीच्या सुरुवातीला ही कटकट नव्हती. १८३९ मध्ये डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उमटवलेला फोटो, जगासमोर आला तेव्हा एक फोटो काढायला कित्येक मिनिटं लागत. शटर नावाचा भागच नव्हता. लेन्सवरचं झाकण हातानं काढायचं, वेळ मोजायची, झाकण परत लावायचं. झाकण काढताना लाकडी पेटी हलली तरी एवढ्या मिनिटांत त्याचा हिशेब कोण ठेवणार? पुढं १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या काचेचा, मार्ग दाखवला, प्लेटा झपाट्यानं संवेदनशील होत गेल्या आणि वेळ सेकंदाच्या अंशांवर आली. एवढ्या कमी वेळात झाकण काढून परत लावणं माणसाच्या हाताला जमणारं नव्हतं. यांत्रिक शटर आवश्यक झालं. आणि शटरपाठोपाठ हाताचा धक्काही फोटोत उतरू लागला.

[दृश्य : जुना लाकडी कॅमेरा. लांब रबरी नळी, तिच्या टोकाला फुगा.]

त्यावरचा तोडगा हा. रबराचा फुगा. फुगा दाबला की नळीतली हवा पुढं सरकते, तिच्या टोकाचा दट्ट्या शटरची कळ ढकलतो. फुगा दाबून धरला तोवर शटर उघडं, सोडला की बंद. फुग्याला इंग्रजीत ‘बल्ब’ म्हणत. आज कॅमेऱ्याच्या चकतीवर जे ‘बी’ हे अक्षर दिसतं, ते याच फुग्याचं. विजेच्या दिव्याशी त्याचा काही संबंध नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं त्याला दिव्याचा बल्बच समजत होतो.

फुग्यानंतर आली केबल. सायकलच्या ब्रेकसारखी, आत तार असलेली. तिचं टोक बटणातल्या आट्यांमध्ये पिळून बसवायचं. काही कंपन्या आजही बटणात त्या आट्या ठेवतात, आणि अशा कॅमेऱ्याला पन्नास वर्षांपूर्वीची केबलसुद्धा चालते.

[दृश्य : टेबलावर साधा वायरचा रिमोट. छोट्या स्क्रूड्रायव्हरनं तो उघडला जातो.]

आणि हा आजचा रिमोट. स्वस्तातला, प्लॅस्टिकचा, हातात धरला तर खेळण्यासारखा हलका. उघडून बघू.

स्क्रू काढला, झाकण निघालं. आत ना सर्किट, ना चिप, ना सेल. धातूच्या तीन पातळ पट्ट्या, एकीखाली एक, आणि त्यांना जोडलेल्या तीन तारा. बटण अर्धं दाबलं की वरची पट्टी मधलीला टेकते. कॅमेऱ्याला कळतं, फोकस कर. पूर्ण दाबलं की दोन्ही खालच्या पट्टीला टेकतात. कॅमेऱ्याला कळतं, शटर उघड. सगळं यंत्र एवढंच. एक सामाईक तार, एक फोकसची, एक शटरची.

त्यामुळंच या बाबतीत मी बिनदिक्कत सांगतो, स्वस्त घ्या. लेन्स स्वस्त घेतली तर फोटोत दिसतं. ट्रायपॉड स्वस्त घेतला तर वारा सुटल्यावर दिसतं. पट्टीला पट्टी टेकली की कॅमेऱ्याच्या दृष्टीनं काम झालं, मग वरच्या प्लॅस्टिकवर नाव कुणाचं का असेना. महागात थोडं बरं मिळतं ते वायरचं रबर आणि पिनेजवळची मजबुती. स्वस्त रिमोट मरतो तो बहुधा तिथंच, पिनेच्या बुडाशी वायर दुमडून दुमडून.

घेताना एकच गोष्ट तपासा : पिन. कॅननच्या बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांना अडीच मिलिमीटरची गोल पिन लागते, मोठ्यांपैकी अनेकांना तीन टोकांची वेगळी. निकॉनच्या मोठ्या कॅमेऱ्यांचं दहा टोकांचं सॉकेट वेगळं, छोट्यांचं वेगळं. सोनीचं आणखी निराळं. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत मॉडेलपुढं लिहिलेलं बघून घ्या. हेडफोनची पिन साडेतीन मिलिमीटरची असते, ती इथं बसत नाही. जोर लावून बघू नका.

[दृश्य : बिनतारी रिमोट. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूची छोटी काळी खिडकी.]

बिनतारी का नको? नको असं नाही. पण इन्फ्रारेडवाल्या रिमोटला कॅमेऱ्याची ही खिडकी दिसावी लागते, आणि ती बऱ्याच कॅमेऱ्यांत पुढच्या बाजूला असते. तुम्ही उभे मागं. मग लेन्सवरून हात पुढं नेऊन, वाकडं होऊन बटण दाबायचं. भर उन्हात तर तो कधी ऐकतो, कधी ऐकत नाही. रेडिओवर चालणारा जास्त भरवशाचा, पण त्याला दोन्हीकडं सेल लागतात, आणि सेल संपायला थंडगार पहाटच निवडतात. स्वतःचाच फोटो काढायचा असेल, किंवा घरट्याजवळ कॅमेरा ठेवून लांब बसायचं असेल, तर बिनतारी घ्या. एरवी वायर.

आता एक प्रामाणिक शंका. कॅमेऱ्यात टाइमर असतो. दोन सेकंदांवर लावा, बटण दाबा, हात काढा. थरथर थांबते, मग शटर उघडतं. फुकटात काम झालं की! खरंय. डोंगर, इमारत, टेबलावरची वस्तू, यांना टाइमर पुरतो. रिमोट घरी राहिला तर मीही तेच करतो.

[दृश्य : लाट खडकावर येते. फुटते. मागं ओसरते.]

पण लाटेला सांगता येत नाही, दोन सेकंद थांब म्हणून. पाणी खडकावर चढून परत फिरतं, त्या परतीच्या क्षणी त्याच्या पांढऱ्या रेषा चौकटीत ओढल्या जातात. तोच क्षण हवा असतो. दोन सेकंद आधी बटण दाबायचं म्हणजे अंदाजपंचे.

वायर हातात आली की आणखी एक बदल होतो. डोळा कॅमेऱ्यापासून सुटतो. चौकट आधीच ठरलीय, ती आता हलणार नाही. मग पडद्याकडं कशाला बघायचं? कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहायचं आणि समोर बघायचं. तिसरी लाट मोठी येतेय, ती आधी लांबवर फुगताना दिसते. अंगठा बटणावर अर्धा दाबलेला. धक्का टळतो म्हणून लोक रिमोट घेतात. मला तो हवा असतो तो या अंगठ्यासाठी.

[दृश्य : रात्र. ताऱ्यांनी भरलेलं आकाश.]

बहुतेक कॅमेऱ्यांत शटर जास्तीत जास्त तीस सेकंद उघडं ठेवता येतं. त्यापुढं बल्ब मोड, म्हणजे तेच ‘बी’ : बटण दाबलेलं असेतोवर शटर उघडं. दिवसा लेन्सवर दहा स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड निम्मा) काळा फिल्टर लावलात तर उजेड हजार पटींनी कमी होतो. सेकंदाच्या तिसाव्या भागाचा फोटो चौतीस सेकंदांचा होतो. तारे एका तासात १५ अंश सरकतात, त्यांच्या रेषा हव्या असतील तर वीस-वीस मिनिटं शटर उघडं लागतं. तेवढा वेळ बटण कोण दाबून धरणार? म्हणून रिमोटवर खटका असतो. बटण दाबून पुढं सरकवलं की अडकून राहतं.

हाच खटका मला एकदा नडला. ताऱ्यांचे फोटो झाल्यावर वायर उपसून बॅगेत टाकली, खटका तसाच. दुसऱ्या दिवशी वायर जोडली, कॅमेरा सुरू केला, आणि तो जो खटाखट फोटो काढत सुटला! बटणाला मी हातही लावला नव्हता. कॅमेरा बिघडला असं समजून बॅटरी काढली, घातली, परत तेच. बऱ्याच वेळानं अंगठा त्या खटक्यावर गेला.

अंधारात लेन्सचा ऑटोफोकस बंद करा. नाहीतर अर्ध्या दाबाला लेन्स पुढं-मागं चाचपडत बसते. आत आरसा असलेला कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर आरसा उचलला जातानाही धक्का बसतो, म्हणून तो आधी वर घेण्याची सोय वापरा : पहिल्या दाबाला आरसा उचलला जातो, दोन श्वास थांबायचं, दुसऱ्या दाबाला शटर. शटर बराच वेळ उघडं ठेवायचं असेल तर मागचा व्ह्यूफाइंडरही, म्हणजे डोळा लावायची खिडकी, झाका, तिथून उजेड आत शिरतो. आणि वायर लोंबकळती ठेवू नका. वाऱ्यानं ती ट्रायपॉडच्या पायावर टकटक आपटते, म्हणजे बोटानं दिला नसता तो धक्का वायर देते. पायाला एक पट्टी बांधून तिथं ती अडकवा.

मोबाइलवाल्यांसाठी जाता जाता : ब्लूटूथचं छोटं बटण फोनला ‘आवाज वाढव’ एवढाच निरोप देतं, आणि बऱ्याच फोनचा कॅमेरा त्यावर फोटो काढतो. वायरच्या इअरफोनवरचं आवाजाचं बटणही अनेकदा चालतं. करून बघा.

[दृश्य : पुन्हा पहाट. आकाशात पहिली तांबूस रेघ. हातात वायर, नजर समुद्राकडं.]

पहिली लाट लहान. जाऊ दिली. दुसरी आडवी फुटली, तीही जाऊ दिली. लांबवर पाणी फुगलंय. येतेय. खडकावर चढली, थांबली, परत फिरली...

[आवाज : शटर उघडतं. अर्धा सेकंद. मिटतं.]

वायर भिजलीय, पिनेवर खारं पाणी उडालंय. पिन उपसून कोरड्या फडक्यानं पुसली. बॅगेत टाकता टाकता हात थांबला. खटका मागं आहे ना, तेवढं बघून घेतलं.