कृपेची सुवार्ता सांगताना

नमस्कार. “आम्ही कधी कोणाचे वाईट केले नाही, मग तुमचे ते तारण आम्हाला कशाला हवे?” असे आमच्या शेजारच्या काकांनी मला एकदा विचारले, तेव्हा मी त्यांच्यापुढे माणसाच्या पापांची यादी वाचायला सुरुवात केली. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पावसाचा विषय काढला. मी सुवार्ता सांगायला बसलो होतो, पण त्यांच्या पदरात पडले ते आरोपपत्र.

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की, आपले तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालेले आहे. ते देवाचे दान आहे, आपल्या कर्मांचे फळ नव्हे, म्हणून कोणीही आढ्यता बाळगू नये. आपण मराठी माणसे ‘दान’ हा शब्द ऐकतो तेव्हा मनात दान देणारा माणूस येतो, आणि पुण्य त्याच्या खाती जमा होते. इथे मात्र माणूस घेणाऱ्याच्या जागी आहे, त्याची ओंजळ रिकामी आहे, आणि देणारा देव आहे. माझ्या अनुभवात ऐकणारा अडखळतो तो याच ठिकाणी. सज्जन माणूस तर अधिकच, कारण रिकाम्या हाताने उभे राहणे त्याला कमीपणाचे वाटते.

म्हणून आता मी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला सांगतो. आपल्याकडचा मजूर नाका डोळ्यांपुढे आणा. सकाळी डबे घेऊन माणसे उभी राहतात, धडधाकट गडी आधी उचलले जातात, आणि ऊन चढल्यावर उरतात ते वयस्कर, अशक्त, ज्यांच्याकडे मुकादम पाहतही नाही असे. दाखल्यातला मालक पहाटे येतो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला, आणि संध्याकाळी पाच वाजताही येतो. “तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात?” असे तो विचारतो, आणि उत्तर मिळते, “आम्हाला कोणी कामावर लावले नाही.” तासभर काम केलेल्या त्या माणसांच्या हातावर तो एकेक दिनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी ठेवतो, आणि पहाटेपासून राबलेल्यांनाही तेवढीच देतो. ऐकणारे बहुतेक वेळा पहाटेच्या मजुरांची बाजू घेतात, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. मी वाद घालत नाही; पाच वाजेपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरी त्या रात्री चूल कशी पेटली असती, एवढेच विचारतो.

मग चांगले वागण्याला अर्थ नाही का, असा प्रश्न येतोच. अर्थ आहे, पौल लगेच पुढच्या वचनात सत्कृत्यांविषयी बोलतो. पण ती तारणानंतर येतात, ते विकत घेण्यासाठी नव्हेत.

जे फुकट मिळाले, ते आमिष दाखवून, धाक घालून किंवा दुसऱ्याच्या श्रद्धेची टवाळी करून कसे सांगता येईल? कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक अनोळखी युरोपीय गृहस्थ भेटले. ते टिळकांशी आदराने बोलले, त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि वाचण्याची विनंती केली. त्या गृहस्थांचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. टिळकांनी ते पुस्तक वाचले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी त्यांचे मन गुंतले, आणि 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यांनी काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने तो मार्ग धरला. टिळकांसारख्या वाणीच्या माणसालाही आपल्या घरात वाट पाहावी लागली, हे मला फार मोलाचे वाटते, कारण विश्वास दुसऱ्याच्या वतीने ठेवता येत नाही.

काकांकडे मी पुन्हा गेलो, तो महिनाभराने. या वेळी त्यांना फक्त द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारले, “आणि मग सकाळचे मजूर काय म्हणाले?” मी म्हणालो, “त्यांनी कुरकुर केली. मालकाने त्यांना विचारले की, मी उदार आहे याचा तुम्हाला हेवा वाटतो काय? काका, गोष्ट तिथेच थांबते.” ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, “ते पान मला ठेवून जा.”