‘ताई, तो खातच नाहीये!’

घरच्या टाकीत नवा मासा आणलेल्या लोकांचे मला जे फोन येतात, त्यांपैकी निम्मे याच वाक्याने सुरू होतात. “ताई, चार दिवस झाले, खातच नाहीये.” आवाज असा काकुळतीला आलेला, की वाटावं घरात पोरगं तापाने फणफणलंय. मी आधी विचारते, टाकीत आत्ता काय काय आहे? मग यादी सुरू होते. दहा छोटे गप्पी मासे सोडलेत, चिकनचे तुकडे टाकलेत, माशांच्या खाद्याचे चमचाभर दाणे टाकले होते ते तळाशी फुगून बसलेत, दुकानदाराने दिलेलं निळं औषध टाकलंय. दिवा? दिवा रात्रंदिवस चालू, कारण खाताना दिसायला हवा ना!

त्या माशाच्या जागी मी असते, तर मीही जेवले नसते.

आज मी एकाच माशाबद्दल बोलणार आहे. ऑस्कर, अरोवाना असे दुसरे मासे पाळणाऱ्यांनी आपापलं त्यातून उचलावं. माझा मासा म्हणजे चन्ना. इंग्रजीत स्नेकहेड, आपल्याकडे मरळ. मरळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ताटात पाहिली असेल. आठवडी बाजारात घमेल्यात बोटभर पाणी, त्यात मरळी तासन्‌तास जिवंत. कल्ल्यांच्या वर त्यांच्या डोक्यात एक पोकळी असते, तिच्यातून त्या वरची हवा घेतात. याच मरळीची आसामकडची धाकटी चुलत बहीण म्हणजे चन्ना ब्लेहेरी. मासे शोधत जगभर हिंडणाऱ्या हायको ब्लेहर या जर्मन माणसाच्या नावावरून 1991 मध्ये तिचं नामकरण झालं. वाढून वाढून जेमतेम वीतभर. अंगावर शेंदरी ठिपके, परांना निळसर झाक, आणि पोटाखालची परांची जोडी मुळातच नाही. दिसायला देखणी, स्वभावाने संशयी.

आता ती तुमच्याकडे येते कशी, ते बघा. आसामातल्या कुठल्यातरी झाडीखालच्या डबक्यातून उचलली, बादलीत टाकली, व्यापाऱ्याकडे गेली, मग पिशवी, मग थर्माकोलचा काळा खोका, विमान, टेम्पो, दुकान आणि शेवटी तुमचा हॉल. तिथे समोर टीव्ही, मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि शेजारची मुलं काचेवर टकटक करतायत. तिच्या हिशेबाने तिला कुणीतरी पकडलंय आणि ते तिला खाणार आहे. स्वतःच कुणाचं तरी भक्ष्य झालो असं वाटत असताना शिकार कोण करेल? म्हणून मी म्हणते, हा भुकेचा प्रश्न नाही, भीतीचा आहे. पहिल्या आठवड्यातलं सगळं काम भीती घालवण्याचं. अन्नाचं काम नंतर, आणि ते सोपं आहे.

सुरुवात पिशवीपासून. मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे. दोन दिवसांच्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात माशाचा अमोनिया साठतो. त्याच पाण्यात कार्बन डायऑक्साइडही साठतो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. आम्लात अमोनियाचा अमोनियम होतो, तो फारसा बाधत नाही. तुम्ही पिशवी उघडता, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, म्हणजे पाण्यातला आम्लपणा कमी होतो, आणि तोच निरुपद्रवी अमोनियम पुन्हा अमोनिया होतो. आणि आपण काय करतो? कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून नळी लावून थेंबथेंब पाणी मिसळत तीन तास बसतो. तेवढा वेळ बिचारा मासा आपल्याच मुताने भाजत असतो. तेव्हा लांबून आलेली पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं टाकीत तरंगवा, तापमान जुळू द्या. मग उघडा, मासा जाळीत घ्या, टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. पाठवणाऱ्याला त्याच्या पाण्याचा पीएच आधीच विचारून आपलं पाणी त्याच्या जवळपास आणून ठेवा. चार गल्ल्या पलीकडच्या दुकानातून आणला असेल, तर सावकाश पाणी मिसळलंत तरी हरकत नाही.

टाकी आधीपासून चालू असलेली हवी, हे निराळं सांगायला नको. कोऱ्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. घाई असेल तर मित्राच्या जुन्या फिल्टरचा स्पंज मागून आणा. तो पिळून येणारं तपकिरी पाणी पाहून नाक मुरडू नका, आपल्याला हवे ते जिवाणू त्याच गाळात आहेत. एका ब्लेहेरीला दोन फुटी टाकी पुरे. आत दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा कानाला फुटलेलं मडकं, वर तरंगती झाडं, आणि बदामाची वाळलेली पानं. कॅटलॉगमधली पाकिटं मागवायची गरज नाही. मुंबईतल्या निम्म्या सोसायट्यांच्या आवारात बदामाचं झाड असतं. गळून पडलेली, पूर्ण वाळलेली पानं आणायची, धुवायची, चार-पाच टाकायची. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. माझ्या सासूबाईंना वाटायचं मी टाकी धूतच नाही. पण माशाला त्या अंधुक पाण्यात हायसं वाटतं, आणि आपलं उद्दिष्ट तेच आहे.

झाकण. झाकणाबद्दल मी चिडून बोलते, कारण माझी पहिली ब्लेहेरी मी दोन बोटांच्या फटीमुळे घालवली. फिल्टरची नळी जाते तेवढीच फट होती. सकाळी केर काढताना कपाटाखालून केरसुणीबरोबर बाहेर आली, धुळीने माखलेली, कडक. नळीच्या भोवती स्पंज कोंबायला दोन मिनिटं लागली असती. मात्र झाकण पाण्याला टेकवूही नका. पाणी आणि झाकण यांच्यामध्ये चार बोटं हवा ठेवा, कारण ती वर येऊन श्वास घेते. तिला वर येऊच दिलं नाही, तर ती पाण्यात बुडून मरते. माशाबद्दल हे ऐकायला विचित्र वाटतं खरं.

यावरून आठवलं. एका नवख्या मुलाने रात्री साडेअकराला फोन केला, मासा वर येऊन तडफडतोय, मी दुसरा एअर पंप लावू का? म्हटलं, कान दे, ‘पुच्’ असा आवाज येतोय का? येत होता. म्हटलं, झोप बाबा, श्वास घेतोय तो. ऑस्कर असा वर येऊन हापसत असता, तर मी त्याला अर्धं पाणी बदलायला लावलं असतं.

मासा टाकीत गेला की दिवा बंद. तीन बाजूंनी वर्तमानपत्र. पहिले दोन दिवस काही टाकायचं नाही. काही म्हणजे काहीही नाही. मासा आपल्यासारखा उष्ण रक्ताचा नाही, अंग गरम राखायला त्याला इंधन जाळावं लागत नाही. रानात त्याला रोज ताट वाढून मिळत नव्हतं. पूर्ण वाढलेला, अंगाने भरलेला चन्ना दोन आठवडे उपाशी सहज राहतो. बोटाएवढं पिल्लू असेल तर मात्र एवढी चैन नाही, त्याला तिसऱ्या दिवशीच काहीतरी दाखवायला लागा.

तिसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, एकच गांडूळ. कुंडीतलं, जिथे औषध मारलेलं नाही अशा मातीतलं, धुतलेलं. मोठं असेल तर अर्धं. लांब चिमट्यात धरून पाइपच्या तोंडापाशी न्यायचं आणि हात स्थिर ठेवायचा, हालचाल गांडूळच करतं. दहा मिनिटांत घेतलं नाही तर काढून घ्यायचं आणि आपण आपल्या कामाला लागायचं. काढून घेणं महत्त्वाचं. सडलेला एक तुकडा जेवढं नुकसान करतो, तेवढं आठवडाभराचा उपास करत नाही.

माझ्या आत्ताच्या ब्लेहेरीने नवव्या दिवशी खाल्लं. नव्याचे नऊ दिवस आमच्याकडे असे उलटे गेले. आधी पाइपच्या अंधारातून नुसतं नाक दिसलं. मग ती बाहेर आली, पण सरळ नाही, अंगाला हलकासा बाक देऊन. कानापाशीचे दोन पर वल्ह्यांसारखे आळीपाळीने हलत होते. बोटभर अंतरावर थांबली. दोन्ही डोळे पुढे वळले. माझा हात भरून आला होता, पण हलवायची सोय नव्हती. मग काय झालं ते दिसलंच नाही. टप् असा आवाज आला आणि चिमटा रिकामा. लगेच तिने गांडूळ थुंकलं. इथे लोकांचा धीर सुटतो. थुंकणं म्हणजे नकार नव्हे, ती चव बघते. तिने ते पुन्हा घेतलं, पाइपमध्ये गेली, आणि थोड्या वेळाने तोंड भलंमोठं वासून एक जांभई दिली.

एकदा खायला लागली की पुढचं वळण लावता येतं. गांडुळाबरोबर सोललेल्या, बिनमिठाच्या कोळंबीचा तुकडा, तिच्या डोळ्याएवढा. काही दिवसांनी कोळंबीत खुपसलेला दाणा. मग नुसता दाणा. महिना लागेल, दोन लागतील. बाजारातले गोल्डफिश मात्र खायला घालू नका. ते रोग घेऊन येतातच, शिवाय त्यांच्या अंगात थायमिनेज असतं, ते ब-1 जीवनसत्त्वाचा नाश करतं. चिकन आणि मटणही रोजचं नको. कोंबडी-बकऱ्याची चरबी माशाच्या थंड पोटात नीट पचत नाही.

थंडीत आणलात तर आणखी धीर धरा. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात हिवाळ्यात पाणी चांगलंच गार पडतं, तेव्हा ती तिकडेही कमीच खाते. बारा महिने अठ्ठावीस अंशांवर हीटर लावून तिला जागं ठेवू नका. काळजी कधी करायची? पोट आत जाऊन डोकं मोठं दिसायला लागलं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी यायला लागली, पर अंगाला चिकटून राहिले, तर. तेव्हा आधी पाण्याची तपासणी, मग जाणत्याला विचारून जंतावरचं औषध. निळी बाटली नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न: झुरळ चालेल का?) चालेल. आवडीने खाते. पेस्ट कंट्रोल झालेल्या घरातलं नको. आणि तुमचं घर स्वच्छ असलं, तरी शेजाऱ्यांनी फवारणी केली आहे का, ते आधी विचारून घ्या.