कागदावरचे चालते ठिपके

नमस्कार श्रोतेहो.

घरात एखादी कुंडी असेल आणि हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवता येत असेल, तर एक कोरा पांढरा कागद घ्या. झाडाचं खालच्या अंगाचं, जरा जुनं पान निवडा. त्याच्याखाली कागद धरून पानावर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर थोडी धूळ पडेल. आता कागद न हलवता अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. धुळीचा कण जागचा हलत नाही. पण त्यातला सुईच्या टोकाएवढा एखादा कण हळूहळू चालायला लागला, तर आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

या चालत्या ठिपक्याला आपले शेतकरी लाल कोळी म्हणतात. वांगी, भेंडी, मिरची लावणाऱ्याला तो चांगला ठाऊक असतो, संत्र्याच्या बागेतही त्याचे भाऊबंद असतात. घरातल्या कुंड्यांवर बहुतेक वेळा सापडतो तो दोन ठिपक्यांचा कोळी. नाव लाल असलं तरी हा पुष्कळदा फिकट हिरवट-पिवळा असतो, अंगावर दोन्ही बाजूंना एकेक काळसर डाग. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पानाच्या मागच्या बाजूला बसून तो एकेका पेशीत सुईसारखं तोंड खुपसतो आणि आतला हिरवा रस ओढून घेतो. रिकाम्या झालेल्या पेशी पुढून पांढुरक्या ठिपक्यांसारख्या दिसतात. पानावर कुणी बारीक रवा भुरभुरावा तसं. मग पान पिवळट, तांबूस होतं आणि गळतं. कोळी फार वाढले की पान आणि देठ यांच्या बेचक्यात धुरकट, तलम जाळी दिसू लागते. पाण्याचा हलका फवारा मारला की थेंब अडकून ती जाळी स्पष्ट दिसते.

माझ्या गॅलरीत एक जास्वंद होती. एप्रिलमध्ये लग्नासाठी आठ दिवस बाहेरगावी गेले होते. परत आले तर पानं अशी फिक्की, रया गेलेली. मला वाटलं, उन्हानं तहानली. पाणी वाढवलं. चार दिवसांनी वाटलं, खत कमी पडलं असेल, म्हणून चमचाभर युरिया घातला. तिसऱ्या आठवड्यात दुकानातून एक कीटकनाशक आणलं, बाटलीवर लिहिलं होतं तेवढंच मोजून मारलं. दहा दिवसांत झाड जाळ्यांनी भरलं. त्या वेळी फार वाईट वाटलं, कारण मी झाडाकडे दुर्लक्ष केलं नव्हतं, रोज त्याच्यासाठी काहीतरी करत होते. आणि जे करत होते, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी कोळ्याच्या पथ्यावर पडत होत्या.

कशा, ते सांगते, कारण ही गल्लत घरोघरी होते. युरियातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, जास्त झालं की पान लुसलुशीत आणि रसाळ होतं, आणि त्यावर कोळ्याची मादी जास्त अंडी घालते. कीटकनाशकाचं तर आणखी वेगळं. कोळी हा कीटकच नाही. त्याला आठ पाय असतात, तो आपल्या घरातल्या कोळ्याचा आणि विंचवाचा नातेवाईक. कीटकांसाठी बनवलेली कितीतरी औषधं त्याला लागूच पडत नाहीत. पण त्याला खाऊन जगणारे बारीक भुंगे आणि भक्षक कोळी मात्र त्या औषधानं मरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी औषधं शेतात सर्रास वापरली जाऊ लागली आणि त्यानंतरच जगभर हा कोळी मोठी कीड म्हणून पुढे आला. माझ्या गॅलरीत तेच लहान प्रमाणात घडलं होतं. कागदावर एखादा ठिपका झरझर पळताना दिसला, तर त्याला चिरडू नका. बहुधा तो भक्षक कोळी असतो. पानं खाणारा संथ चालतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ही कीड आटोक्यात न येण्याचं कारण औषधापेक्षा वेळापत्रकात असतं, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

कोळ्याचं आयुष्य हवेच्या तापमानावर चालतं. हवा २० अंशांच्या आसपास असेल तर अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. हवा ३० अंशांवर गेली की अंडं तीनेक दिवसांत फुटतं आणि अंडं घातल्यापासून एकूण सात-आठ दिवसांत पिल्लाची मादी होऊन ती अंडी घालायला लागते. एक मादी आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. नराशिवायही ती अंडी घालू शकते, त्यातून नर निघतात आणि पुढे त्यांच्याशी मीलन होऊन माद्याही निघतात. म्हणजे चुकून एकच मादी उरली, तरी वस्ती पुन्हा उभी राहते.

आता आपलं नागपूर बघा. होळीनंतर पारा चढायला लागतो, मे महिन्यात तो पंचेचाळिशीला जाऊन टेकतो, आणि दुपारची हवा इतकी कोरडी की ओलं पातळ तासाभरात वाळतं. ऊन आणि कोरडी हवा, कोळ्याला हवं ते सगळं इथे एकत्र मिळतं. बागकामाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, आठवड्यातून एकदा फवारा. थंड देशातल्या घरासाठी ते बरोबर आहे. इथे एप्रिलमध्ये आठवडाभर थांबलात, तर पहिल्या फवाऱ्यातून वाचलेल्या अंड्यांची पिल्लं मोठी होऊन त्यांनी पुढची अंडी घातलेली असतात. अंड्यावर साबणाचा फारसा परिणाम होत नाही, आणि कितीही धुतलं तरी काही अंडी उरतातच. म्हणून उन्हाळ्यात दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि असं निदान चार वेळा. डिसेंबर-जानेवारीत दर सात दिवसांनी, तेही चार वेळा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखांना गोल करून ठेवा. पहिल्या धुण्यानंतर झाड इतकं टवटवीत दिसतं की दुसरं धुणं राहूनच जातं. माझ्याकडे पानं घेऊन येणाऱ्या शेजारणी मला म्हणतात, "ताई, एकदा धुतलं होतं नं मी, मंग परत काऊन होऊन राह्यलं?" मी त्यांना विचारते, दुसऱ्यांदा कधी धुतलं? तिथे त्या गप्प होतात.

धुणं कसं करायचं? आधी ती कुंडी बाकीच्यांपासून दूर करा. जास्त खराब झालेली पानं कात्रीनं कापून पिशवीत घाला आणि पिशवीचं तोंड बांधून कचऱ्यात द्या, खताच्या खड्ड्यात टाकू नका. कुंडीच्या तोंडावर प्लास्टिक बांधा म्हणजे माती वाहून जाणार नाही. मग न्हाणीघरात कुंडी आडवी धरून पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याची जोरदार धार मारा. पुढून धुतलेलं पान म्हणजे न धुतलेलंच, कारण कोळी मागे बसलेला असतो. बोटांनी पान हलकेच चोळलं तर जाळी निघून जाते आणि तिच्यात अडकलेली अंडीही. छोटं झाड असेल तर बादलीत उलटं बुडवून हलवून काढा. मात्र हे पहाटे करा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं, पानाला तर देईलच.

निम्मं काम नुसत्या पाण्यानं होतं. उरलेल्यासाठी साबण. साबणाचं पाणी कोळ्याच्या अंगाला प्रत्यक्ष लागलं तरच तो मरतो, वाळलेल्या साबणाचा काही उपयोग नाही. म्हणून पान मागून पूर्ण भिजलं पाहिजे. झाडांसाठी मिळणारा पोटॅशियमयुक्त साबण एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा. कपड्याची पावडर वापरू नका, पानावरचा मेणाचा पातळ थर ती काढून टाकते आणि पान करपतं.

इथे पाण्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. नागपुरात अनेक घरी बोअरवेलचं पाणी वापरलं जातं आणि ते जड असतं. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरा साका तयार होतो. फेस होत नाही, कोळी मरत नाही, वर पानावर पांढरे डाग पडतात ते वेगळेच. कूलरच्या टाकीतलं पाणी तर मुळीच नको. रोज पाणी उडून जातं आणि क्षार मागे साचत राहतात, ते पाणी बोअरपेक्षाही जड होऊन बसतं. पेंच धरणातून येणारं नळाचं पाणी चालेल, आरओ फिल्टरचं आणखी चांगलं. बाटलीत थोडं पाणी आणि साबण घालून हलवून बघा. फेस टिकला तर पाणी योग्य आहे.

कडुनिंबाचं तेल पाच मिलिलिटर, त्यात एक-दोन मिलिलिटर साबण आणि एक लिटर कोमट पाणी. तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही, म्हणून साबण. साबणाऐवजी रिठ्याचं पाणीही चालतं, आपल्या आजीच्या काळातली वस्तू इथे उत्तम उपयोगी पडते. द्रावण त्याच दिवशी संपवा, मध्येमध्ये बाटली हलवत राहा. आधी एका पानावर मारून दोन दिवस वाट बघा. नेच्यांना आणि जाड, रसाळ पानांच्या झाडांना साबण आणि तेल दोन्ही सोसत नाही, त्यांना फक्त पाणी. संध्याकाळी फवारा मारावा असं सगळीकडे सांगतात. पण आपल्या मे महिन्यात संध्याकाळी सात वाजताही हवा तापलेली असते आणि तापलेल्या पानावर तेल बसलं की पान भाजतं. तेव्हा सूर्य उगवायच्या आधी, आणि पान वाळेपर्यंत उन्हात नाही. गंधकाची भुकटी कोळ्यावर चालते हे खरं आहे, पण ३२ अंशांच्या पुढच्या हवेत ती पानं जाळते. नागपूरच्या उन्हाळ्यात तिचं नाव काढू नका, आणि तेल मारल्यावर दोन आठवडे तर नाहीच. शेतीतली खास कोळीनाशकं राहत्या घरात, बंद खोलीत मारू नयेत, हे मी हात जोडून सांगते. शिवाय हा कोळी औषधाला फार लवकर सरावतो. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की उरतात ते त्याला न जुमानणारेच.

तुळशीचं वेगळं सांगते. कुंडीतल्या तुळशीलाही कोळी लागतो, आणि तिचं पान आपण नैवेद्यावर ठेवतो, तोंडात टाकतो, काढ्यात घालतो. म्हणून तुळशीवर पाण्याची धार हाच उपाय, थोडी जास्त वेळा, दर दोन दिवसांनी. फारच झालं तर मंजिऱ्या आणि वरच्या फांद्या खुडून टाका, नवी फूट निरोगी येते. माझ्या आईच्या वृंदावनातली तुळस एका मे महिन्यात अशी काड्यांवर आली होती. आई रोज सकाळी आंघोळीनंतर तांब्याभर पाणी मुळाशी घालायची. मी तिला म्हटलं, आजपासून ते पाणी पानांच्या मागून घाल. तिनं तिथे पिचकारीची बाटली ठेवली आणि नियम धरला. मृगाचा पाऊस यायच्या आधी तुळस हिरवी झाली होती.

कूलरबद्दल दोन शब्द. कूलरची खोली दमट असते, आणि दमटपणा कोळ्याला आवडत नाही, ही आपली जमेची बाजू. एसीची खोली उलट कोरडी पडते, तिथल्या अरेका पामवर आणि क्रोटनवर लक्ष ठेवा. पण कूलरच्या थेट झोताच्या वाटेत कुंड्यांची रांग लावू नका. गर्दी झाली की कोळी पानाच्या टोकाशी गोळा होतात आणि धाग्याला लटकून वाऱ्यावर पसरतात. पहिल्या कुंडीतले दोन दिवसांत शेवटच्या कुंडीत पोचतात. आपल्या हातावरून, ओढणीवरून, पानं पुसायच्या फडक्यावरूनही ते जातात. पानावरची धूळ आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसावी, धुळकट पान कोळ्याला फार मानवतं. मात्र प्रत्येक कुंडीनंतर फडकं धुवा आणि आजारी कुंडी सगळ्यांत शेवटी घ्या.

नर्सरीतून नवीन रोप आणलं की ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं आणि दर चार दिवसांनी कागदावर टिचकी मारून बघायचं. हौसेनं आणलेलं रोप लगेच दिवाणखान्यात बाकीच्यांबरोबर मांडावंसं वाटतं, मलाही वाटतं. पण माझ्या जास्वंदीवरचे कोळी अशाच एका नव्या गुलाबावरून आले होते, हे मला फार उशिरा कळलं.

ती जास्वंद जगली. सगळी पानं गेली होती, फक्त फांद्या उरल्या होत्या. त्या निम्म्यावर छाटल्या, कुंडी सावलीत ठेवली, चौथ्या-चौथ्या दिवशी पाच वेळा झाड धुतलं. कागद दोनदा कोरा निघाला तेव्हा थांबले. तुम्हीही लागोपाठ दोनदा कागद कोरा निघेपर्यंत थांबू नका. आज काहीच चालताना दिसलं नसेल, तर तो कागद कुंडीजवळच ठेवा, पुढच्या आठवड्यात याच वारी परत लागेल.

नमस्कार.