‘आढळले’ आणि ‘मुळे’

(ग्वाल्हेरमध्ये मराठी श्रोत्यांसमोर डिसेंबरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्त्या सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या जीवशास्त्रज्ञ आहेत.)

मंडळी, ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण इथं बसलेल्या प्रत्येकानं ऐकलेली असणार. मी ती पाठ चाचपून पाहिली आहे, पुष्कळदा. मुळीच मऊ नाही. ओल्या कौलांवरून हात फिरवावा तशी लागते. म्हण करणाऱ्याला हे ठाऊक होतंच. नदी पार होईपर्यंत गोड बोलायचं, एवढाच त्याचा हेतू. नोकरीत मला ही म्हण नदीवर कमी आणि कार्यालयात जास्त उपयोगी पडली. (हशा)

आधी नावांचा घोळ मिटवते. मराठीत जी सुसर, तिला आपल्या या भागात घडियाल म्हणतात, कारण मोठ्या नराच्या नाकाच्या शेंड्यावर घड्यासारखा फुगवटा येतो. लांब, चिमट्यासारखा जबडा, खाणं मासे. मगर वेगळी, तिचा जबडा रुंद. आणि चंबळच्या काठावर ‘सूंस’ म्हणतात ती डॉल्फिन. मी नवी होते तेव्हा एका नावाड्यानं ‘सूंस, सूंस’ म्हणून हात केला, आणि मी मराठी डोक्यानं सुसर शोधत वाळूकडे बघत राहिले. डॉल्फिन पाण्यात वर येऊन श्वास घेऊन गेलीसुद्धा. नावाड्यानं मॅडमजींना पुढे वर्षभर ऐकवलं.

माझं काम काय होतं, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. त्या शेजारणींना सांगायच्या, ‘सूनबाई मेलेली जनावरं बघायला जाते.’ तसं ते खोटं नव्हतं. पाण्यात, गाळात, माशांत, पक्ष्यांत कुठलं विष किती आहे ते मोजायचं, आणि ज्या जाती संपत आल्या आहेत त्यांच्यावर त्याचा काय परिणाम होतोय याचा अंदाज सरकारला लिहून द्यायचा. अहवाल हिंदीत किंवा इंग्रजीत जायचे, विचार मात्र मराठीत चालायचा. आणि मराठीत विचार करताना सगळं काम दोन शब्दांपाशी येऊन अडायचं. एक शब्द ‘आढळले’, दुसरा ‘मुळे’. यकृतात शिसं आढळलं, हे यंत्र सांगतं. शिशामुळे मेलं, हे यंत्र सांगत नाही, ते माणसाला सही करून सांगावं लागतं. माझी बत्तीस वर्षं या दोन शब्दांच्या मधल्या जागेत गेली.

ग्वाल्हेर तसं विषाच्या अभ्यासाचं गाव आहे, हे फार जणांच्या लक्षात नसतं. १९४७ साली जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी म्हणून सुरू झालेली संस्था आज संरक्षण खात्याची डीआरडीई म्हणून ओळखली जाते, आणि विषारी रसायनं ओळखणं, त्यांच्यापासून बचाव करणं हे तिथलं काम आहे. मी तिथली नव्हे. माझं काम चिखलातलं. पण विद्यार्थिदशेत तिथल्या एका व्याख्यानात ऐकलेली गोष्ट जन्मभर पुरली: नमुना चुकीच्या डब्यात गेला की पुढचं सगळं शास्त्र वाया.

म्हणजे काय, ते सांगते. कीटकनाशक शोधायचं असेल तर यकृताचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा नाही, कारण प्लॅस्टिकचीच रसायनं त्यात उतरतात. तो अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये किंवा काचेत. शिसं, कॅडमियम असे धातू शोधायचे असतील तर फॉइल नको, तिथं आम्लानं धुतलेला प्लॅस्टिकचा डबा. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तर फॉरमॅलिन, आणि फॉरमॅलिनमध्ये पडलेला तुकडा बऱ्याच रासायनिक तपासण्यांना निकामी. एका जनावराचं एकच मूत्रपिंड चार ठिकाणी वाटायचं. वर सील, लाख, पंच, ताबा घेतल्याची पावती. आणि हे सगळं नदीकाठी, वाऱ्यात, सोबतचा शिपाई नाकाला रुमाल लावून लांब उभा असताना. मूत्रपिंड तर सगळ्यात आधी सडायला लागणाऱ्या अवयवांपैकी. प्रेत चार दिवसांनी सापडलं तर जे बघायचं तेच गेलेलं असतं.

आता गिधाडांकडे येते. ती गोष्ट सांगितल्याशिवाय सुसरींची समजणार नाही.

माझ्या लहानपणी मुरारच्या पलीकडे मेलेली गुरं टाकायची जागा होती. तिथून सायकलनं जाताना आम्ही नाक दाबायचो आणि गिधाडं मोजायला लागायचो, मग मोजणं सोडून द्यायचो. पांढऱ्या पाठीचं गिधाड त्या काळी जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत संख्येनं जास्त होतं. मग भरतपूरला, म्हणजे इथून मोटारीनं काही तासांवर, केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षितज्ज्ञ डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की गिधाडं मान खाली टाकून झाडावर बसून राहतात आणि मरतात. त्यांचा निबंध १९९९ साली आला. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारात एक उरलं.

प्रेतं उघडली की आतले अवयव खडूची भुकटी टाकल्यासारखे पांढरे. ते युरिक आम्ल. पक्षी शरीरातला नायट्रोजनचा कचरा युरिक आम्लाच्या रूपानं टाकतात. मूत्रपिंड बंद पडलं की ते रक्तात साठतं आणि काळजावर, यकृतावर खड्यांसारखं बसतं. माणसाच्या अंगठ्याला होतं ते वातरक्त, तसंच हे, फक्त सगळ्या पोटात. पण मूत्रपिंड बंद का पडलं? विषाणू शोधले, जिवाणू शोधले, कीटकनाशकं, धातू, काहीच हाती लागेना.

उत्तर आलं २००४ साली, पाकिस्तानच्या पंजाबातून. पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच फिरवला. गिधाडं खातात काय? मेलेली गुरं. मग गुरांच्या पोटात काय जातं? ते गावोगावच्या गुरांच्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना विचारत गेले आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकापाशी थांबले. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या गुडघ्यांना ते औषध ओळखीचं आहे. (हशा) लंगड्या गाईला, आजारी म्हशीला तेच टोचलं जात होतं. जनावर तरीही मेलं की ते मांस गिधाडांच्या पोटात.

आणि आता पुरावा बघा, कसा असावा तो. पांढरी भुकटी असलेली २५ गिधाडं तपासली, २५ च्या २५ मध्ये डायक्लोफेनॅक. भुकटी नसलेली, दुसऱ्याच कारणानं मेलेली १३ तपासली, एकाही पक्ष्यात नाही. मग जंगलात परत सोडता येणार नाहीत अशा पक्ष्यांना औषध देऊन पाहिलं, औषध दिलेल्या म्हशीचं आणि बकरीचं मांस देऊन पाहिलं, तोच आजार. ‘आढळले’पासून ‘मुळे’पर्यंत पूल बांधला गेला, आणि तो सरकारला ओलांडावा लागला. २००६ मध्ये भारतानं गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय हाताशी होता, म्हणून ते शक्य झालं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचायला जातात असं दिसल्यावर २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला. केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक या भावंडांवर गुरांसाठी बंदी यायला मात्र २०२३ उजाडलं. आणखी एक हिशेब अभ्यासकांनी केला, तो मला अजून थक्क करतो: एवढी मोठी घट होण्यासाठी ७६० मृत जनावरांमागे एका जनावरात हे औषध असलं तरी पुरे होतं. रस्त्यावरच्या दहा-वीस गुरांचे नमुने घेऊन ‘काही आढळले नाही’ असं लिहिणारा अधिकारी पूर्ण प्रामाणिक असू शकतो आणि पूर्ण चुकलेलाही.

आता चंबळ.

१९७० च्या दशकात सुसर जवळजवळ संपली होती. १९७५ मध्ये देशात मगर-सुसर वाचवण्याचा प्रकल्प सुरू झाला, १९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश मिळून चंबळ अभयारण्य झालं. मुरैन्याजवळ देवरीला अंडी आणून उबवायची, पिल्लं थोडी मोठी झाली की नदीत सोडायची. संख्या वाढत होती. आम्ही सगळे जरा निर्धास्त झालो होतो.

२००७ च्या डिसेंबरात खालच्या अंगाला, उत्तर प्रदेशात इटाव्याकडे, सुसरी वाहत येऊ लागल्या. मार्चपर्यंत शंभरावर मेल्या. म्हाताऱ्या नव्हेत, पिल्लंही नव्हेत, बहुतेक वयात येऊ घातलेल्या. त्याच वर्षी आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सुसरीला ‘अतिसंकटग्रस्त’ या यादीत घातलं होतं. मी मध्य प्रदेशच्या बाजूला होते. आमच्या पट्ट्यात मर नव्हती, म्हणून मला मोजायला पाठवलं, की इथं खरंच नाही ना. रोज पहाटे नाव घ्यायची आणि वाळूवरच्या प्रत्येक सुसरीकडे दुर्बीण लावून बसायचं, ती हलते की नाही बघत. सुसर उन्हात तास-तास हलत नाही. जिवंत आहे हे कळायला जो वेळ लागायचा तो मी विसरणार नाही. नावाडी विचारायचा, ‘मॅडमजी, किससे मर रहे हैं?’

पहिल्या बातम्या आल्या लिव्हर सिरॉसिसच्या. म्हणजे सुसरी दारू पितात की काय, असे विनोद ग्वाल्हेरात महाराज बाड्यावरच्या पानाच्या टपरीवर चालायचे. मग ऊतींमध्ये शिसं आणि कॅडमियम आढळल्याचं आलं. मग देशीविदेशी पशुवैद्यांनी प्रेतं उघडली आणि आत काय, तर खडूची भुकटी. गिधाडांसारखीच. मूत्रपिंडं गेलेली, युरिक आम्ल अवयवांवर साठलेलं. फोटो बघून माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, झालं, आता उत्तर महिनाभरात येईल.

आलं नाही. आजतागायत नाही. कारण गिधाडांकडे जे होतं ते इथं नव्हतं. निरोगी सुसरीच्या मूत्रपिंडात शिसं किती असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते कळायला निरोगी सुसर मारून बघायला हवी, आणि ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली, तिला हात लावणं गुन्हा, आणि तो असायलाच हवा. म्हणजे तुलनेचे १३ पक्षी नाहीत. विष देऊन बघायचं तर अतिसंकटग्रस्त प्राण्याला कोण देणार? उरले ते अंदाज. चंबळ स्वच्छ, पण खाली ती यमुनेला मिळते, आणि यमुना दिल्ली-आग्र्याहून काय काय घेऊन येते ते सांगायला नको. तिकडचे तिलापिया मासे सुसरींनी खाल्ले असतील का? त्यात मूत्रपिंड जाळणारं काही असेल का? त्या हिवाळ्यात थंडीही कडक होती. सुसर थंड रक्ताची, आणि गारठ्यात युरिक आम्ल कमी विरघळतं, म्हणजे आधीच दुखावलेलं मूत्रपिंड थंडीत हात टेकतं. हे सगळं जुळतं. पण जुळतं म्हणजे सिद्ध झालं असं मी लिहू शकत नव्हते. ऊन तापू लागलं तशी मर थांबली, आणि पुन्हा तशी झाली नाही. पुन्हा झाली नाही ही आनंदाचीच गोष्ट, पण तपास करणाऱ्यासाठी दारही बंद झालं.

मग वरून निरोप आला की एका ओळीत कारण द्या. वरिष्ठांचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं. त्यांना सभागृहात उत्तर द्यायचं होतं, वर्तमानपत्रं मागे लागली होती. ‘शिशामुळे’ लिहिलं की कुणीतरी गुन्हेगार मिळतो. ‘थंडीमुळे’ लिहिलं की कुणीच गुन्हेगार राहत नाही आणि फाइल मिटते. दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे येऊन ‘बाई, तुमची पाठ मऊ’ म्हणाले. मी लिहिलं, ‘मूत्रपिंड निकामी होणे. कारण निश्चित नाही. शिसे व कॅडमियम आढळले.’ फाइल परत आली, ‘निश्चित नाही’ खाली लाल शाईची रेघ मारून, शेजारी प्रश्नचिन्ह. मी तसंच परत पाठवलं. तीन वेळा झालं. चौथ्यांदा ती कुठं गेली मला माहीत नाही.

यावरून लोक मला बोल लावतात की तुमच्यासारख्यांच्या सावधपणानंच कारखाने सुटतात. हे ऐकून मला राग येत नाही, कारण ते अर्धं खरं आहे. पण मी चंबळवर ‘मुळे’ लिहिलं असतं आणि एखाद्या वकिलानं ‘निरोगी सुसरीत शिसं किती?’ एवढंच विचारलं असतं, तर पुढच्या दहा खऱ्या प्रकरणांत माझी सही कवडीमोल झाली असती. शिवाय सावधपणा म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे. कारण ठाऊक नसताना करण्यासारखं असतंच: त्या पट्ट्यात पाणी आणि मासे दर हिवाळ्यात तपासा, मेलेली प्रत्येक सुसर त्याच दिवशी उघडा, अपघातानं किंवा जाळ्यात अडकून मेलेल्या निरोगी सुसरीचं मूत्रपिंड जपून ठेवा. तुलनेचे तेरा एकेक करून जमवा. हे मी दर वर्षी लिहीत गेले. काही मान्य झालं, काही बजेटमध्ये अडकलं.

पर्यावरण परवानगीच्या अहवालांविषयी मला बोलायला सांगितलंय, पण त्यावर फार वेळ घालवत नाही. एका अहवालात प्राण्यांची यादी इतकी चोख होती की मी कौतुकानं वाचत गेले, आणि मग त्यात समुद्री कासव सापडलं. जागा भिंडजवळची. (हशा) यादी कुठून उचलली होती ते तुम्हीच ओळखा.

समोरच्या काकांनी मघाशी चिठ्ठी पाठवलीय, ‘आपल्या स्वर्णरेखेचं काय?’ काका, आपल्या शहराचं सांडपाणी घेऊन ती फिरत फिरत सिंध नदीकडे जाते, आणि सिंध यमुनेला मिळते, पाच नद्या एकत्र येतात त्या पचनदाजवळ, म्हणजे सुसरी मेल्या त्या मुलखाच्या शेजारीच. नाही, नाही, आपण मारलं असं मी म्हणत नाहीये. सांडपाणी जातं, एवढं ‘आढळले’. टाळ्या वाजवू नका, मला परत फाइल पाठवाल. (हशा)

बरं, रविवारी देवरीला यायचं ज्यांनी नाव दिलंय त्यांच्यासाठी. बस बाड्यावरून बरोबर सातला निघेल. देवरीत टाक्यांतली पिल्लं दिसतील, मग राजघाटला नदीवर जाऊ. स्वेटर, कानटोपी आणा. चांगलं ऊन पडल्याशिवाय सुसरी वाळूवर येत नाहीत, तेव्हा आठ वाजता ‘दिसल्या नाहीत’ म्हणून कुरकुरू नका. आणि परतताना मुरैन्याला गजकसाठी दहा मिनिटं थांबू, त्याहून जास्त नाही.