शब्द थांबल्यावर उरलेली गोष्ट

मंडळी, मालवणात येऊन गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांविषयी बोलायचं म्हणजे जरा धाडसच. रात्र रात्र बसून दशावतार बघितलेली माणसं समोर आहेत. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठाऊक असतं आणि संवाद नटाला उभ्या उभ्या सुचतात. आधी कथा, मग शब्द.

अल स्टुअर्ट हा ग्लासगोत जन्मलेला गायक-गीतकार. त्याच्या ‘इयर ऑफ द कॅट’ या १९७६च्या अल्बममध्ये क्रम वेगळाच आहे. चाली, वाद्यमेळ, सगळं ध्वनिमुद्रित झालं, तोवर गाण्यांना नावंसुद्धा नव्हती. शब्द शेवटी आले. ४५ वर्षांनिमित्त २०२१मध्ये हा अल्बम पुन्हा निघाला आणि मूळ निर्माता अ‍ॅलन पार्सन्स त्याही कामात होता. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण करणारा तोच हा पार्सन्स. आवाज किती स्वच्छ झाला वगैरे चर्चा शौकिनांनी करावी, मला त्यात फारसा रस नाही. मला या निमित्ताने गोष्टी पुन्हा ऐकाव्याशा वाटल्या.

पहिलंच गाणं ‘लॉर्ड ग्रेनव्हिल’. रिचर्ड ग्रेनव्हिल हा इंग्रज दर्यावर्दी. (तो ‘सर’ होता, ‘लॉर्ड’ ही पदवी स्टुअर्टने दिलेली!) १५९१मध्ये अझोर्स बेटांजवळ ‘रिव्हेंज’ हे एकटं जहाज घेऊन तो स्पॅनिश आरमाराशी झुंजला आणि जखमी होऊन मेला. आपल्या शाहिराच्या हाती हा प्रसंग लागता तर? शाहीर तुळशीदासाने तानाजीचा पोवाडा रचला, तसा याचाही झाला असता. स्टुअर्टच्या गाण्यात मात्र एकही तोफ उडत नाही. खलाशी फक्त निरोप धाडतात : आम्ही नांगर उचललाय, आमची वाट बघू नका, परत येणार नाही. वीर नुसता नावापुरता. बोलतात ते कंटाळलेले, स्वप्नं विटलेले लोक. आरमाराचा इतिहास किल्ल्यांवरून मोजणाऱ्या आपल्या किनाऱ्याने या खलाशांकडे जरा थांबून बघावं, असं मला वाटतं.

आणि मग शेवटचं, शीर्षकाचं गाणं. अनोळखी गाव, बाजार, रेशमी कपड्यातली एक बाई. ती ‘तू’ला हाताला धरून नेते. हो, नायक ‘तू’च आहे; ऐकणाऱ्यालाच गोष्टीत ढकललंय. सकाळी पाहतो तर सोबतचे प्रवासी बससकट गेलेले, तिकीट हरवलेलं. कधीतरी तिला सोडून जायचंच आहे, पण तूर्त राहू, एवढं म्हणून गोष्ट थांबते. बाई कोण, पुढे काय झालं, काही नाही. पण त्या सकाळच्या कडव्याआधी, गाण्याच्या मधेच, शब्द थांबतात : व्हायोलिनं, साधी गिटार, मग इलेक्ट्रिक गिटार, मग फिल केन्झीचा सॅक्सोफोन. त्या रात्री काय घडलं, हे शब्दांनी सांगितलंच नसतं. ते वाद्यं सांगतात. पूर्वी मला हा भाग निव्वळ सजावट वाटायचा. आता वाटतं, खरी गोष्ट तिथेच घडते.

कीर्तनकार आख्यानाचा शेवट असा अर्ध्यावर सोडील का? श्रोते उठूच देणार नाहीत!

बरं, आता गाणं लावतो. सुरुवातीला मिनिटभर पियानो आणि नुसती वाद्यं आहेत. गायक आलाच नाही म्हणून कोणी यंत्राला हात लावू नका.