लॅटिन येण्याआधीच लॅटिनमधून

सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या ग्रामर स्कूलचा, म्हणजे लॅटिन शिकवणाऱ्या शाळेचा, दिवस सकाळी सहाच्या सुमारास सुरू होई आणि मुलांना आदला पाठ न अडखळता म्हणून दाखवावा लागे. त्यांच्या हाती असलेले लॅटिन व्याकरण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेचे पहिले मुख्याध्यापक विल्यम लिली यांच्या नावाने ओळखले जाई. शाळेचे संस्थापक जॉन कॉलेट आणि डच विद्वान इरॅस्मस यांचाही त्यात हात होता. राजा आठव्या हेन्रीने 1540च्या दशकात, शाळांनी हेच व्याकरण शिकवावे, असा हुकूम काढला.

आरंभीचा भाग इंग्रजीत असल्याने नाम सहा विभक्तींत आणि दोन वचनांत चालवणे मुलांना घोकून का होईना, जमे. खरी पंचाईत पुढे होती, कारण पुढचे नियम लॅटिनमध्येच लिहिलेले होते. ‘प्रोप्रिया क्वे मारिबुस’ या शब्दांनी सुरू होणारे पद्य आरंभी, पुरुषांची विशेषनामे पुल्लिंगी मानावीत, एवढेच सांगते. पण अर्थ कळण्याआधी ते मुखोद्गत व्हावे लागे आणि चुकणाऱ्याला मार ठरलेला असे.

शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये हीच तोंडी परीक्षा रंगमंचावर येते. वेल्श पाद्री ह्यू इव्हान्स विल्यम नावाच्या मुलाला प्रश्न विचारतो, मुलगा ‘हिक, हेक, होक’ (हा, ही, हे) म्हणतो, पुढे सर्वनामांपाशी विसरतो आणि पाद्री त्याला फटक्यांची धमकी देतो. शेजारी उभ्या असलेल्या क्विकलीबाईंना लॅटिनचे ओ की ठो कळत नाही, त्यामुळे त्या भलतेच अर्थ लावतात. प्रेक्षकांत या पाठांतरातून गेलेले बरेच जण असल्याशिवाय हा विनोद वठला नसता.

1563च्या डिसेंबरात विंडसर येथे जेवणाच्या वेळी, ईटन या शाळेची काही मुले माराच्या भीतीने पळून गेल्याची बातमी निघाली. राणी एलिझाबेथचे एके काळचे शिक्षक रॉजर अ‍ॅस्कम तेथे हजर होते. त्या चर्चेतून त्यांनी लिहिलेला ‘द स्कूलमास्टर’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, 1570 मध्ये छापला गेला. मुलाने रोमन वक्ता सिसेरो याचे पत्र एका वहीत इंग्रजीत उतरवावे, मग पुस्तक काढून घेऊन निदान तासाभराने त्याच्याकडून तेच दुसऱ्या वहीत पुन्हा लॅटिनमध्ये लिहून घ्यावे आणि शिक्षकाने ते मुळाशी ताडून पाहत, सिसेरोने येथे कोणता शब्द योजला असता, हे समजावून सांगावे, अशी त्यांची रीत होती. मुलगा चुकला तरी शिक्षकाने कपाळाला आठीसुद्धा घालू नये, असे ते बजावतात.

एकेका मुलाशेजारी बसणाऱ्या शिक्षकाला जमणारी ही रीत भरलेल्या वर्गात रुजणे अवघडच होते. लिलीचे व्याकरण मात्र टिकले. ईटनने 1758 मध्ये काढलेले व्याकरणही त्याच्याच आधारे बेतलेले होते आणि त्यातही लिंगाचे नियम लॅटिन पद्यातच राहिले.